चौथी पट्टी

१

हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. ठरवलं बाबांनी, आणि मी मान हलवली, म्हणजे ठरलंच. आमच्या घरात मी मान हलवली की ते 'हो' समजतात. 'नाही' म्हणायला मला तोंड उघडावं लागतं, आणि मी ते उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. म्हणूनच बाबांनी माझं नाव मौनी ठेवलंय. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलंय.

सुरुवातीला न सांगण्याचं कारण साधं होतं. आमच्या इमारतीत भरदिवसा दोन घरं फुटली. पहारेकरी म्हणाला, चोर आधी दाराला कान लावतात, आत चाहूल नसली तरच कुलपाला हात घालतात. बाबांचं कामच आवाजाचं. मोठमोठ्या सभागृहांत माइक आणि स्पीकर लावायचे, कुणाचा आवाज कुठे किती पोचला पाहिजे ते बघायचं. ते म्हणाले, "मग ऐकू दे की त्यांना चाहूल!"

घरच्या संगणकाला त्यांनी एक काळी पेटी जोडली. साध्या संगणकातून एक गाणं लावलं की सगळ्या स्पीकरमधून तेच गाणं येतं. या पेटीला चार वेगळ्या वायरी होत्या आणि प्रत्येक वायरीतून वेगळा आवाज जायचा. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात दुसरा, आईबाबांच्या खोलीत तिसरा, माझ्या खोलीत चौथा. एकाच वेळी सगळे चालू, पण एकाचं दुसऱ्यात मिसळत नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी चारही खोल्यांत माइक ठेवले आणि सांगितलं, आज नेहमीसारखं वागा. आई सकाळी दुसऱ्याच्या घरी पाहुणी आल्यासारखी हळू बोलत होती. मग विसरली आणि भांडी आपटायला लागली. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मुद्दाम खोकावं की नको असा प्रश्न पडला होता.

दिवस मावळताना बाबांनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. चार रंगांच्या चार आडव्या पट्ट्या. पहिलीत आबांचा खोकला, त्यांचा रेडिओ, खुर्चीची करकर. दुसरीत नळ, झाकणं, आईच्या हाका. तिसरीत बाबांचे फोन आणि दुपारचं घोरणं. आवाज असेल तिथे पट्टीवर उंचवटे उठलेले. चौथी पट्टी फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"ही खोली भाड्याने द्यायला हरकत नाही," बाबा म्हणाले.

"अरे, माइक बंद राहिला असेल," आबा म्हणाले.

"माइक चालू आहे आबा. मुलगी बंद आहे."

सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसणंही ऐकू येत नाही.

त्या ध्वनिमुद्रणात एक जागा आहे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "मौनी, ए मौनी, गच्चीवरचे कपडे आण गं." मग थोडा वेळ काहीच नाही. त्या वेळी मी पुस्तक पालथं ठेवलं, उठले आणि गच्चीवर गेले. ओ दिली नाही. मी कधीच देत नाही. बोलावलं की जाते, मला तेच उत्तर वाटतं. त्या शांततेनंतर आईचा आवाज येतो, "दगडाला हाक मारली असती तर एव्हाना तोही बोलला असता."

२

मग तो नेमच झाला. सगळे बाहेर निघालो की बाबा संगणकावर त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण लावून घर चालू करायचे, आई कुलूप लावायची आणि आम्ही जिन्यात थांबून स्वतःचंच घर ऐकायचो. मजा यायची. आत आबा खोकले की बाहेरचे आबा म्हणायचे, "या म्हाताऱ्याला दाखवायला हवं कुणाला तरी."

त्या दिवशी आबांचे डोळे तपासून आम्ही परत आलो होतो. त्यांना आता फक्त उजेड आणि मोठ्या आकृत्या दिसतात. आई दारासमोर पर्समध्ये किल्ली शोधत होती. आतून आईचीच हाक आली, "मौनी, ए मौनी, गच्चीवरचे कपडे आण गं."

आणि माझ्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "आले गं आई!"

आवाज माझा होता. पण खिडक्या उघडून झाडून घेतलेल्या खोलीसारखा मोकळा. त्यात हसू होतं.

पर्समधला आईचा हात थांबला. बाबा मात्र एकदम खूश झाले. "अरे वा! म्हणजे ओ दिली होतीस की! आणि मी बिचारीला बंद म्हटलं."

मी मान हलवली, आडवी. ती कुणी बघितली नाही.

आणखी एक गोष्ट झाली होती. दगडाचं ते वाक्य त्यानंतर आलंच नाही. हे माझ्याच लक्षात आलं, कारण ते मलाच लागलं होतं.

घरात शिरल्याशिरल्या बाबांनी पट्ट्या पाहिल्या. चौथीवर, नेमकं त्या जागी, एक छोटा उंचवटा होता. "माझ्या नजरेतून सुटला," ते म्हणाले.

मी शहाण्यासारखा विचार केला. दिली असेन मी ओ. माणूस काय काय लक्षात ठेवणार? किंवा आईच्या माइकमधलं काही माझ्या वायरीत आलं असेल. पण बाबांच्या वायरी अशा चुका करत नाहीत. मग वाटलं, बाबांनीच केलंय. ते आवाज कापतात, जोडतात, हे त्यांचं रोजचं काम. मला बोलतं करायला ही गंमत असेल. या विचाराने मला बरं वाटलं. दोन दिवस मी त्यांच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवलं. जुन्या कोटाच्या खिशात हरवलेली किल्ली सापडावी तसे ते खूश होते. गंमत करणाऱ्याचा चेहरा असा नसतो.

३

समोरच्या दारातल्या काकू तशा कुणाशी फारसं बोलत नाहीत. त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं आणि माझा गाल ओढला.

"लबाड! बोलता येतं की तुला. काल किती गोड बोललीस दारातून!"

माझ्याबरोबर आई होती. तिने विचारलं, "काल? कधी?"

"अहो, तुमचा डबा परत द्यायला मी बेल वाजवली. तर ही आतून म्हणते, काकू, आई बाहेर गेलीये, दार उघडू नकोस म्हणालीये, रागावू नका हं. आणि तुमचा गुडघा कसा आहे?" काकूंचे डोळे भरून आले होते. "माझ्या गुडघ्याची चौकशी माझ्या पोटचा पोरगा करत नाही हो."

आदल्या दिवशी आम्ही चौघंही बाहेर होतो.

लिफ्टमध्ये आई माझ्याकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला. घामाने ओला होता. मला वाटलं, आता आई घाबरणार, बाबांना सांगणार, बाबा ते सगळं पुसून टाकणार. आईने सांगितलं. बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. चौथी पट्टी आता सरळ नव्हती. कंगव्याला दात असावेत तसे तिला जागोजागी उंचवटे आले होते.

मग बाबांनी आवाज बारीक करून पहिल्यापासून लावलं आणि आई त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळाने ती हसली. कशाला ते मला दारातून ऐकू आलं नाही.

बाबांनी वळून पाहिलं आणि मला बघितलं. "यातलं बाहेर कुठे बोलायचं नाही हं," ते म्हणाले.

या वेळी ते चोरांमुळे नव्हतं.

४

नंतर आम्ही घरात असतानाही ते ध्वनिमुद्रण लागायला लागलं. जेवणं झाली की आबा आपली खुर्ची सरकवत माझ्या खोलीच्या दारात आणायचे. आतून ती विचारायची, "मग पुढे काय झालं आबा?" आणि आबा नोकरीतल्या गोष्टी सांगायचे. पुरात वाहून गेलेला पूल, साहेबाची भित्री बायको, छपरावर काढलेली रात्र. या गोष्टी त्यांनी मलाही सांगितल्या होत्या, पण अर्ध्यावर सोडून. मला वाटायचं कंटाळले असतील. मी तर पूर्ण वेळ मान डोलावत ऐकत असे.

मान डोलावलेली आबांना दिसत नाही. हे मला तेव्हा कळलं.

एकदा मी दप्तर घ्यायला आत गेले. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावर माझी गादी, माझं टेबल, कपाटावर तो स्पीकर. मी उंबरा ओलांडला आणि आवाज थांबला. वाक्याच्या मध्येच. कुणी आल्यावर आपण बोलणं थांबवतो तसा.

"कोण आलं?" आबांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"मी कोण?"

"मी आहे आबा. मौनी."

"हो हो. कळलं." त्यांनी हात झटकला. "तू जरा बाहेर थांब. ती बोलतेय."

५

बाबांनी एकदा परीक्षा घेतली. मला हॉलच्या मधोमध उभं केलं, समोर माइक ठेवला.

"म्हण बघू, आले गं आई."

मी म्हटलं. माझ्या मते चांगलं म्हटलं. तिघांनी कान देऊन ऐकलं, सभागृहातला नवीन माइक तपासताना बाबा ऐकतात तसं.

"परत."

मी परत म्हटलं. हसूनही म्हटलं.

आबा म्हणाले, "छे. ती वेगळी."

"प्रयत्न करतेय बिचारी," आई म्हणाली. ते कुठल्यातरी दुसऱ्याच्या मुलीबद्दल म्हटल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझी गादी अडगळीच्या खोलीत होती. जुनी शिलाईची मशीन, बाबांच्या वायरींची वेटोळी, मोडका पंखा, आणि मध्ये माझी गादी, व्यवस्थित चादर घातलेली. आईने चादर घालताना कोपरे नीट खोचले होते. तेच बघून मला जास्त वाईट वाटलं.

"थोडेच दिवस," आई म्हणाली. "तू खोलीत असलीस की ती गप्प होते गं. आणि तुला काय, तू कुठेही पुस्तक घेऊन बसतेस."

"उशी?" मी विचारलं.

"उशी तिथेच राहू दे."

"का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, बऱ्याच दिवसांनी. क्षणभर तिचे ओठ हलले, आणि मला वाटलं आता ती रडणार.

"आता बोलतेस होय," ती म्हणाली, आणि गेली.

६

मग मी ती वायर काढली.

दुपार होती. बाबा कामावर, आबा खुर्चीत डुलक्या घेत, आई स्वयंपाकघरात. संगणकाच्या मागे धुळीत चार वायरी होत्या. प्रत्येकीला बाबांनी रंगीत चिकटपट्टी लावलेली. माझी पांढरी. ती इतकी सहज सुटून आली की मला हसू आलं. एवढंच होतं तर! ज्या आवाजाने माझी खोली घेतली तो माझ्या बोटाएवढ्या जाडीच्या वायरीत होता, आणि ती आता माझ्या मुठीत होती.

"मौनी!" आईने हाक मारली. ही खरी आई, मागच्या स्वयंपाकघरातली, नळ बंद केल्यावर मारलेली खरी हाक.

मी ठरवलं होतं. या वेळी मी ओ देणार, खणखणीत. मी श्वास घेतला, तोंड उघडलं.

"आले गं आई!"

माझ्या खोलीतून.

वायरीचं टोक माझ्या हातात लोंबत होतं.

आई पदराला हात पुसत माझ्या अगदी जवळून गेली. मी तिथे उभी आहे हे तिला दिसलं, कारण ती मला वळसा घालून गेली. "तू नको उठूस, मीच येते," ती खोलीकडे बघून म्हणाली. "केस विंचरायचे राहिलेत ना तुझे?"

दार तिने ओढून घेतलं, पण ते आमचं दार पूर्ण लागत नाही.

फटीतून मला आईची पाठ दिसली. ती माझ्या पलंगाच्या काठावर बसली होती. तिचा कंगवा धरलेला हात वर जायचा आणि सावकाश खाली यायचा. पुढ्यात काय होतं ते तिच्या पाठीआड. हात वर गेला, खाली आला. मग मध्येच अडकला.

"हलू नकोस. किती गुंता केलायस," आई म्हणाली, आणि तिने कंगवा जोरात ओढला.

"आई गं!" कुणीतरी हसत म्हणालं.

तो हिसका माझ्या डोक्याला बसला. मी केसांत हात घातला. माझी वेणी सुटलेली होती. सकाळी मी ती स्वतः घट्ट घातली होती.

मी दारापासून मागे सरकले. अजूनही मी स्वतःला सांगत होते की आईचं मन बरं नसेल, उशीवरच कंगवा फिरवत असेल, माणसं असं करतात. तेवढ्यात आई म्हणाली, "आता इकडे तोंड कर," आणि पलंग करकरला.

७

आज सकाळी सगळ्यांनी बाहेर जायचं होतं. मी लवकर आवरलं. चांगला फ्रॉक घातला आणि अडगळीच्या खोलीच्या दारात तयार उभी राहिले. बाबांनी संगणकावर घर चालू केलं. आईने हाक दिली, "चला रे!" आणि माझ्या खोलीचं दार उघडलं.

मी बघितलं नाही. माझी नेहमीची सवय, मी जमिनीकडे बघत होते. तरी एवढं दिसलं की आबांनी हात पुढे केला, "धर गं," आणि कुणीतरी तो धरला. सगळे माझ्यासमोरून गेले. दार लागलं. मी धावले तोवर बाहेरून कुलपात किल्ली फिरली.

चपलांच्या मांडणीवर माझी जागा रिकामी होती.

ते लगेच गेले नाहीत. नेहमीसारखे जिन्यात थांबले, घर ऐकायला. मला बाबांचं "श्श" ऐकू आलं. मी दाराला तोंड लावलं आणि ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधीच ओरडले नव्हते. "आई! मी आत राहिलेय! आई, मी आहे!"



मग बाबा हसले. "काय मस्त आलंय! अगदी खरं वाटतं."

"चौथीवर एवढा मोठा आवाज नव्हता ना?" आईने विचारलं.

"असू दे," तो मोकळा, हसरा आवाज म्हणाला. "चला ना आई, उशीर होतोय."

पावलं जिना उतरून गेली. आबांची काठी सगळ्यात शेवटी.

तेव्हापासून मी अडगळीच्या खोलीत बसून हे लिहितेय. बाहेर घर चालू आहे. हॉलमध्ये रिकाम्या खुर्चीत आबा खोकतात. स्वयंपाकघरात नळ वाहतो. मी जाऊन पाहिलं, ओटा कोरडा आहे. मघाशी ती हाक आली, "मौनी, ए मौनी, गच्चीवरचे कपडे आण गं." मी कान लावून बसले. माझ्या खोलीतून ओ आली नाही. येणार कशी? ओ देणारी त्यांच्याबरोबर बाहेर गेलीये. ती जागा परत रिकामी झाली, पहिल्या दिवशी होती तशी. आता दगडाचं वाक्य येणार म्हणून मी डोळे मिटले.

ते आलं नाही. नळ बंद झाला.

"अगं, कुठे आहेस?" आई म्हणाली. हे त्या दिवशी ती म्हणाली नव्हती. "मौनी? ओ दे की."

मी ओ देणार नाही. मी नीट विचार केलाय. मघाशी दाराशी ओरडले ते चौथ्या पट्टीवर उमटलं असणार, पण एवढ्याने काही बिघडत नाही. चौघं संध्याकाळी परत येतील, चौथी पट्टी पुन्हा सरळ झालेली बाबा पडद्यावर बघतील, त्यांना कळेल की खरी मौनी घरातच होती. त्यांच्या कामात चूक होत नाही. तोवर मी फक्त गप्प बसायचं आहे, आणि गप्प बसणं मला येतं.

पुन्हा हाक. आता स्वयंपाकघरातून नाही, बोळातून. बोळात स्पीकर नाही.

"बाळा, किती वेळ ती वही घेऊन बसणार? ये ना. मी रागावले नाहीये."

बाळा. मला आठवतं तेव्हापासून आईने मला बाळा म्हटलेलं नाही. हिच्या आवाजात दगडाचं वाक्य नाही. ही अडगळीच्या दाराशी थांबलीये, दाराखालचा उजेड अडलाय, आणि दार न ढकलता ती माझी वाट बघतेय. आमच्या घरात आजवर माझ्या उत्तराची वाट कुणीच इतका वेळ

"मौनी, ये गं."

हो, एवढं वाक्य पूर्ण करते आणि